नानांचा फिल्टर

आमच्या शेजारचे नाना पाहुण्याला पाणी विचारायच्या आधी फिल्टरचा आवाज ऐकवतात. धुळ्यातल्या त्यांच्या बैठकीत सोफा नाही. तिथे सहा फुटी काचेची टाकी आहे आणि सोफा ओट्यावर ऊन खात पडलाय. टाकीखालच्या कपाटाला पाहुण्याने कान लावायचा. नाना कुजबुजतात, "ऐक. बोली ऱ्हायना का?" पाहुणा हो म्हणाला, तरच चहा!

हा फिल्टर घ्यायला ते जळगावला गेले, तेव्हा मी सोबत होतो. दुकानदाराने टाकीची मापं विचारली. नाना म्हणाले, "टाकीनं माप काय करस? मासे किती खातस ते इचार!" शेवटी दुप्पट मोठ्या टाकीला पुरेल असा, बादलीएवढा फिल्टर घेतला आणि एसटीत त्याला खिडकीजवळ बसवला. मी उभा.

फिल्टरमधल्या स्पंजाला कुणी हात लावायचा नाही. नाना स्वतः तो टाकीच्याच पाण्यात, तान्ह्या लेकराची टाळू चोळावी तसा हलकेच पिळतात. नळाचं पाणी वर्ज्य, कारण त्यातल्या औषधाने स्पंजातले जिवाणू मरतात आणि माशांची घाण पचवतात ते हेच जिवाणू. स्पंजावरच्या तपकिरी थराला मी एकदा घाण म्हणालो, तर केवढे भडकले! "ती घाण नही भाऊ, घरना माणसे शेतस!" मे महिन्यात वीज गेली की त्यांच्या इन्व्हर्टरवर फक्त फिल्टर चालतो. पंख्याखाली बसायचं असेल तर आपापल्या घरी जा.

आमच्याकडेही एक छोटी टाकी आहे. लेक केतकी लग्न होऊन नाशिकला गेली, तेव्हा तिचा काळाकुळकुळीत मासा आमच्या हवाली करून गेली. त्याचं नाव भरीत. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, ती माहेरी यायची होती, म्हणून आमच्या सौभाग्यवतींनी घर धुऊन काढलं. पडदे, डबे, गाद्यांच्या खोळी आणि त्याच झपाट्यात फिल्टरचा स्पंजही! नळाखाली, कपड्यांच्या पावडरीने, पांढराशुभ्र.

दुसऱ्या दिवशी पाणी दुधाळ झालं. भरीत वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला. परवा केतकी येणार. मी धावत नानांना आणलं.

"हाई कोनं काम शे?"

"नाना, मी फक्त स्वच्छ केलं हो," बायको म्हणाली.

"सूनबाई, बठ्ठं गाव मारी टाकं तू!"

आणि नाना निघून गेले. मला वाटलं, रागावले. थोड्या वेळाने भर उन्हात बादलीवर ओला टॉवेल टाकून हजर! स्वतःचा फिल्टर बंद करून त्यांनी त्यातला अर्धा स्पंज कापून आणला होता. तो आमच्या फिल्टरमध्ये बसवला, त्यांच्या पिंपात मुरवलेलं, औषध उडालेलं पाणी घरून आणून टाकीतलं थोडं थोडं पाणी बदललं.

"आणि तुमचे मासे?" मी विचारलं.

"त्यासले आते उपास. खानं कमी, घाण कमी."

केतकी आली तेव्हा पाणी निवळलं होतं आणि भरीत खाण्यासाठी काचेवर धडका देत होता. सगळी हकिगत ऐकून ती नानांना जेवायला ओढून घेऊन आली. खापरावरचा पुरणाचा मांडा त्यांच्या ताटात वाढत मी म्हणालो, "नाना, एका माशासाठी एवढी जोखीम घेतलीत. तुमचे उपकार कसे फेडू?"

ते ताटाकडे बघत म्हणाले, "पोर माहेरी ऊनी का तिले घर जसंनं तसं सापडाले पाहिजे, भाऊ. मन्ही बायको देवाघर गयी, तवय तिन्या साड्या दखीसन घर आखो रिकामं वाटे, म्हणीसन मी त्या वाटी टाक्यात. मन्ही पोर आखाजीले ऊनी, मायनं कपाट उघडं, ते रिकामं. मंग आखाजीले कधी ऊनीच नही."

केतकीने मांड्यावर तुपाची धार धरली, ती थांबवायचं विसरली.

नानांनी घास मोडला. "पोरी, आखो दोन दिन ऱ्हाय. पाणी बसाले येळ लागस."

पाणी तर आरशासारखं नितळ होतं. केतकीने एकवार टाकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "हो नाना, गढूळच आहे अजून. राहते."