पायावरचं गाणं

"माझं गानं फोनात नको भरू गं. घरातलं हाय, घरात राहू दे," भागूबाई म्हणाल्या होत्या. मी हसून रेकॉर्डिंगचं बटण दाबलंच. माझी पाच महिन्यांची अक्षदा त्यांच्या पसरलेल्या पायांवर तेलात निथळत ऐकत होती. न्हाऊ घालायला त्या फक्त सकाळी येत. संध्याकाळी पोरगी रडून घर डोक्यावर घेई. तेव्हा लावायला म्हणून, बस.

माझ्या नवऱ्याने, नीलेशने, ते कुंभिवलीच्या हर्षदला पाठवलं. हर्षद लग्नांत साउंड लावतो. त्याने खाली ढोलकी घातली, नेटवर टाकलं. दोन महिन्यांत हळदीपासून जिमपर्यंत सगळीकडे भागूबाई. मग ईमेल आला: वर्षातलं सर्वोत्तम गाणं, राष्ट्रीय पुरस्कार, शेवटच्या पाचांत निवड. गायिकेचा नवा व्हिडिओ पाठवा.

भागूबाई नवं लुगडं नेसून खुर्चीवर बसल्या. कॅमेरा सुरू झाला.

"गा ना, मावशी!" हर्षद म्हणाला.

"कसं गाऊ रं? पायावर वलं लेकरू नाय."

"उशी ठेवू?"

"उशीला तेल चोळू व्हय, मुडद्या?"

अक्षदाची त्या दिवशी दुसरी आंघोळ झाली. गाणं रंगात आलं आणि कुकरने शिट्टी दिली. पुन्हा पाणी काढलं, तर अक्षदा शिंकली.

"बास! पुरस्कार गेला खड्ड्यात. पोरीला न्यूमोनिया होईल!" मी ओरडले.

"शिंक हाय ती. तू आदी पानी पी," भागूबाई म्हणाल्या.

शिट्टीसकट व्हिडिओ गेला. पुरस्कारही मिळाला.

आमच्या भिसेगावात बॅनर लागले. सत्कार, उद्घाटनं, शाली. आणि बाळंतिणी मात्र दुसरी बाई शोधू लागल्या. एवढ्या मोठ्या गायिकेला 'बाळाला तेल लावा' कसं म्हणायचं? असा विचार करणारी पहिली मीच. अक्षदाला मी गुपचूप टबात बसवू लागले होते.

परवा तिला घेऊन त्यांच्याकडे गेले. ट्रॉफी फळीवर, डाळीच्या डब्याशेजारी.

"गाता ना, मावशी?"

"कुनासाठी गं?"

मी अक्षदाला त्यांच्या पायांवर ठेवलं. दीड वर्षाची घोडी ती. निसटून थेट कोंबडीमागे धावली.

"ही आता ऱ्हात नाय," त्या हसल्या. पाय मात्र बराच वेळ तसेच पसरलेले होते.

तुमच्या घरात, शेजारात कुणी बाळंतीण असेल, तर एकदा भागूबाईंकडे डोकावून या. शाल नको, नारळ नको. बाळ न्या.