खुर्ची रिकामी ठेवायची नाही

कोर्टाचा अधिकारी सकाळीच यायचा होता, आणि सलूनवाला उजाडल्यापासून दुकानाच्या दारात उभा होता. दुसरी शाखा काढायच्या हौसेपायी तो कर्जात गळ्यापर्यंत बुडाला होता. दिवाळखोरीचा अर्ज त्यानं स्वतःच केला होता. तो मंजूर झाला की देण्यातून सुटका होणार होती, पण दुकानातलं विकण्याजोगं सामान जाणार होतं. आरसे जावोत, पंखा जावो. खुर्ची गेली तर मात्र दुसऱ्याच्या दुकानात केस झाडायची पाळी येणार होती.

"दाजी, बिनधास्त राहा," मेव्हणा म्हणाला. तो एका वकिलाच्या फायली वाहायचा आणि तेवढ्यावर स्वतःला अर्धा वकील समजायचा. "नवा निकाल आलाय. पोटापाण्याचं साधन वापरात असेल तर त्याला हात लावता येत नाही. साहेब येतील तेव्हा खुर्ची रिकामी दिसता कामा नये, बास."

"गिऱ्हाईक कुठून आणू? इथं माशी फिरकत नाही."

"मी आहे की."

मेव्हणा बसला. केस कापून झाले, अधिकारी आला नाही. आणखी बारीक केले, तरी पत्ता नाही. शेवटी वस्तरा फिरवावा लागला. भावाचं डोकं तुळतुळीत झालेलं बघून बायकोनं फोन हातात घेतला. सासरे आले, चुलत सासरे आले, त्यांच्याबरोबर फिरायला जाणारी मंडळी आली. फुकट आहे असं बायको कुणालाच म्हणाली नव्हती, पण सगळे ते धरूनच आले होते.

बाकावर जागा उरली नाही, तशी माणसं बाहेर उभी राहिली. आता रांग दिसली की कुणाला राहवतं? येणारेजाणारे थांबले.

"काय खास आहे इथं?"

"असेल काहीतरी. उगाच का एवढी माणसं उभी आहेत?"

तेही मागे लागले आणि चक्क पैसे देऊन जाऊ लागले. सलूनवाल्याचं तिकडे लक्षच नव्हतं. आत येणाऱ्या प्रत्येकात त्याला अधिकारीच दिसत होता. एकाची मिशी डावीकडून जरा जास्तच उडाली, मग उजवीकडूनही उडवावी लागली.

"पुढचे कोण? बसा, साहेब."

"बसायला नाही आलो. कोर्टाकडून आलोय," तो माणूस म्हणाला. "मघापासून रांगेत उभा आहे. मध्ये घुसू देईनात."

मेव्हणा पुढे सरसावला. "साहेब, खुर्ची वापरात आहे. तो नवा निकाल..."

"वाचलाय मी. खुर्चीला हात लावत नाही."

सलूनवाल्याला रडूच आलं. त्यानं नॅपकिनमध्ये तोंड खुपसलं.

"पण तुम्ही निकाल अर्धाच वाचलेला दिसतोय," अधिकारी शांतपणे म्हणाला. "ज्याचा धंदा असा जोरात चालतो त्याला दिवाळखोर धरायचं नाही, असंही म्हटलंय त्यात. मी तसं कळवतो. तुमचा अर्ज काही मंजूर व्हायचा नाही."

"मग देणी?"

"फेडा ना. दिवसाला एवढं गिऱ्हाईक आहे."

अधिकारी निघून गेला.

"दाजी, आपण वरच्या कोर्टात जाऊ," मेव्हणा म्हणाला.

सलूनवाल्यानं वस्तरा उचलला आणि खुर्चीकडे बोट केलं. "बस."

"आता काय उरलंय कापायला?"

"भुवया आहेत," बायको म्हणाली, आणि तिनं रांगेतल्या पुढच्या माणसाला जरा थांबायला सांगितलं.