बापू सामंतांच्या जीपचा पुढचा लॉक

दसऱ्याच्या दिवशी मी बापू सामंतांच्या जीपच्या डिफरन्शियलमध्ये नारळाचं पाणी ओतलं.

मुद्दाम नव्हे. चाळीच्या अंगणात जीपची पूजा होती, नारळ फोडायचा मान मला मिळाला होता, आणि मी तो समोर दिसलेल्या पहिल्या लोखंडावर आपटला. ते लोखंड म्हणजे पुढच्या दोन चाकांच्या मधोमध असतो तो भोपळ्याएवढा डबा. त्याचं झाकण नेमकं त्या दिवशी उघडं होतं, कारण आत बसवलेलं नवं यंत्र बापूंना देवाला दाखवायचं होतं. थोडं पाणी माझ्या बाहीवर आलं, बाकीचं आत गेलं.

"अण्णा," बापू अगदी शांतपणे म्हणाले, "दातेरी चक्रं आहेत ती. शंकराची पिंडी नव्हे."

मग सगळं गिरगाव सोनं वाटत हिंडत असताना आम्ही दोघं उकिडवे बसून चक्रं रॉकेलने धूत होतो. संध्याकाळी मी ज्यांना ज्यांना सोनं दिलं, त्यांनी ते घेतल्यावर हात हुंगला.

बापू सामंत कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, पायात पंपशू, आणि बसायला लढाईनंतर लष्कराने मोडीत काढलेली, बिनछपराची, डावीकडे स्टिअरिंग असलेली जीप. ती ते रोज हापिसला नेत. परत आल्यावर उतरून चारी चाकांवर पाळीपाळीने तळहात ठेवत, तापलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. पुढच्या डाव्या चाकाशी त्यांचं वाकडं होतं. "हा कामचुकार," ते त्या चाकाकडे न बघता म्हणत. चाकाला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात.

बोलताना दर तिसऱ्या वाक्याला ते म्हणत, "तत्त्व समजून घ्या. बाकी सगळे नटबोल्ट."

तत्त्व त्यांनी चाळीतल्या प्रत्येकाला समजावलं होतं. मला समजावलं ते माझ्याच बायकोला मध्ये घालून. "समजा, तुम्ही नि वहिनी हातात हात घालून चालला आहात." आमची ही पदर तोंडाला लावून आत पळाली. "समजा म्हटलं! नाक्यावर वळायचं आहे. वहिनी आतल्या अंगाला, तुम्ही बाहेरच्या. तुम्हाला जास्त चालावं लागणार. म्हणजे हात थोडा सैल सोडायला हवा. तो सैल सोडणारा म्हणजे डिफरन्शियल. उत्तम सोय. पण चिखलात काय होतं? एक चाक घसरतं नि गरगर फिरतं. दुसऱ्याखाली घट्ट जमीन आहे, ते काम करायला तयार आहे, पण हा गृहस्थ सगळी ताकद देतो घसरणाऱ्याला! जो नुसता फिरतो त्याला सगळं, जो उभा आहे त्याला काही नाही."

"आमच्या हापिसासारखंच," मी म्हणालो.

"म्हणून लॉक हवा! लॉक लावला की दोघांचे हात घट्ट बांधले. फिरले तर दोघं, थांबले तर दोघं."

हे सारं कशासाठी, तेही चाळीला पाठ होतं. मालवणकडे बापूंचं घर एका खाडीच्या काठाला. शेवटचा दोन फर्लांग रस्ता म्हणजे काळा, बारमाही चिखल. घरात त्यांची थोरली बहीण, आक्का, एकटी राहायची. दोन वर्षं लागोपाठ भाऊबीजेला बापू जीप घेऊन गेले, दोन्ही वेळा जीप चिखलात रुतली, आणि बैल लावून मागे ओढावी लागली. आता त्यांनी शपथच घेतली होती. या भाऊबीजेला जीप आक्काच्या दारात उभी करीन, नाहीतर विकून टाकीन.

"अहो, दोन फर्लांग चालत जा की," असं कुणी म्हटलं तर ते उठून चाकांवरची धूळ पुसायला लागत. आम्ही समजत होतो, भावाला बहिणीपुढे ऐट मिरवायची आहे.

दसऱ्याआधी महिनाभर प्रश्न एवढाच होता, की लॉक पुढच्या आसाला बसवायचा की मागच्या? दोन्हींचं एकदम जमणार नव्हतं. लालबागचा रझाक मिस्त्री मागच्याच्या बाजूचा. "सामंतसाब, आगे मत डालो. गाडी मुडेगी नहीं, हाथ टूट जायेगा. रोज काटन ग्रीन जाते हो, कोई जंगल में थोडेही रहते हो!"

त्या दिवसांत आमची चाळ कशावरही सभा भरवायची. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांना जाऊन जाऊन सगळ्यांना ठराव मांडायची इतकी सवय झाली होती, की नळाला पाणी किती वाजता सोडावं यावरसुद्धा अनुमोदक लागे. तेव्हा लॉकवरही सभा झाली. तळमजल्याच्या गॅलरीत, अध्यक्ष निवडून, पाण्याचा तांब्या ठेवून. मागच्याच्या बाजूने दोन तास भाषणं झाली. ज्यांनी जन्मात बैलगाडीही हाकली नव्हती ते बोटं नाचवून कर्षण की काय ते सांगत होते. एकाने उपसूचना मांडली, "पुढच्यासह मागचाही झालाच पाहिजे!" तिला सर्वांत जास्त टाळ्या पडल्या.

शेवटी बापू उठले. "एकच विचारतो. चिखलात रुतलेल्या माणसाला तुम्ही मागून ढकलता, की पुढून हात धरून ओढता?"

पुढचा लॉक एकमताने मंजूर झाला. मात्र रोज गिरगावातून वळायचं असल्याने तो आपोआप लागणारा नको, दांडीने लावता-सोडता येणारा हवा, एवढी दुरुस्ती बापूंनी स्वतःच सुचवली. रझाक मिस्त्री "या अल्ला" म्हणाला आणि कुठल्याशा मोडीतल्या लष्करी ट्रकमधून तसला लॉक काढून आणला.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही चाचणीला निघालो. मी बापूंच्या शेजारी, नारळाचं प्रायश्चित्त म्हणून. गल्लीतच बापूंनी दांडी ओढून बघितली. खट्! लॉक लागला. सोडायला गेले, तर दांडी हलेना.

"असू दे," बापू म्हणाले. "तत्त्व तेच आहे."

तेवढ्यात मागून मोर्चा आला. झेंडे, घोषणा, लेझीम. आम्ही सापडलो अगदी पुढे. नाक्यावर मोर्चाला उजवीकडे वळायचं होतं, आम्हालाही. बापूंनी स्टिअरिंग फिरवलं. जीप वळायला तयार नाही. दोघांनी मिळून फिरवलं. मी तर त्याला लोंबकळलोच. जीप एखाद्या हट्टी म्हाताऱ्यासारखी मान ताठ ठेवून सरळ चालली.

आणि मोर्चा आमच्या मागून सरळ आला! एवढ्या निर्धाराने पुढे जाणारी गाडी पुढाऱ्यांचीच असणार, अशी लोकांची समजूत झाली. मी उभा राहून हात हलवून "तिकडे! तिकडे!" ओरडलो. लोकांना वाटलं घोषणा देतोय. त्यांनी दुप्पट जोराने "झालाच पाहिजे" म्हटलं.

सरळ गेलं की चौपाटी. जीप तशीच वाळूत उतरली. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. भुसभुशीत वाळूत, जिथे भेळवाल्याची हातगाडीसुद्धा रुतते, तिथे आमची जीप चारी पायांनी रेडा चालावा तशी चालली. कामचुकार चाकसुद्धा! लोकांनी टोप्या उडवल्या. बापूंची टोपी तर कधीच उडाली होती. "ओढतोय, अण्णा, ओढतोय! बघा डावा! बघा त्याला!" त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी म्हटलं, वाळू गेली असेल.

रझाकने दांडी नीट करून दिली, आणि दिवाळीत आम्ही दोघं मालवणकडे निघालो. भाऊबीजेच्या सकाळी खाडीकाठी पोचलो. समोर तो काळा, चकाकता चिखल, आणि पलीकडे माडांत कौलारू घर. ओट्यावर कुणीतरी बसलेलं.

बापूंनी कोट काढून घडी करून माझ्या मांडीवर ठेवला. दांडी ओढली. खट्.

पहिला फर्लांग ठीक. मग जीप पोटापर्यंत गेली. मागची चाकं गरगरायला लागली, चिखलाच्या पिचकाऱ्या आमच्या डोक्यावर. "गेलो!" मी म्हणालो. बापू पुढे वाकून चाकांशी बोलत होते, लहान मुलाला जिना चढवावा तसे. "चल बाबा. अजून एक. अजून एक." पुढची दोन्ही चाकं एकदम फिरली, थांबली, फिरली, आणि जीपचं नाक हळूच वर आलं. हात धरून कुणी ओढावं तसं.

जीप थेट ओट्याला टेकली. ओट्यावरच्या म्हाताऱ्या बाई हसत म्हणाल्या, "बापू, तुजी गाडी दारात इली रे!" पण उठल्या नाहीत. मग माझ्या लक्षात आलं, त्यांना उठताच येत नव्हतं.

ओवाळणी झाल्यावर बापू विहिरीवर गेले, तेव्हा आक्कांनीच मला सांगितलं. तीन वर्षं पाय गेलेले. बापू मुंबईला डॉक्टरकडे चल म्हणून मागे लागलेला. चिखलातून न्यायला डोली करू म्हणाला. "मी सांगलंय, चौघांच्या खांद्यार मी एकदाच जातलंय. तो दिस अजून येवक नाय. न्यायची तर दारातसून गाडीत बसवन ने." त्यांनी विहिरीकडे बघितलं. "आई गेली तेव्हा ह्यो तीन वर्षांचो. माज्या कडेवरच वाढलो. आता माका उचलूक बघता."

बापूंनी आक्कांना ओट्यावरून जीपमध्ये ठेवलं. चार पावलं. तेवढं उचलणं आक्कांनी चालवून घेतलं. खांदा नव्हता, हातच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी जीप गिरगावात चाळीच्या अंगणात शिरली. सगळी चाळ कठड्यावर. "आले! आले!" कुणी फटाक्यांची माळ लावली. बापूंनी इंजिन बंद केलं, मान वर केली, आणि तसेच बसून राहिले.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर होती.

खाडी, चिखल, लॉक, दांडी, सगळ्याचा विचार दोन वर्षं झाला होता. अरुंद, वळणावळणाचा लाकडी जिना मात्र कुणाच्या डोक्यात आला नव्हता. तो चढवायचा तर खुर्ची आणि चौघं हवेतच. चौघं लगेच पुढे झालेही. आक्कांनी जीपची कड घट्ट धरली. बापूंचे हात स्टिअरिंगवरच होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे सांगायला काही तत्त्व नव्हतं.

तेवढ्यात आमची ही भाकरतुकडा नि पाणी घेऊन तळमजल्यावरच्या आमच्या दारातून बाहेर आली. तिने आक्कांवरून तुकडा ओवाळून टाकला नि चौघांना म्हणाली, "व्हा बाजूला. आक्का वर कुठे जाताहेत? त्यांचं अंथरूण मी आत खिडकीपाशी घातलंय. भावजी, घ्या उचलून. पाच पावलं आहेत फक्त."

आक्का आत खिडकीपाशी टेकल्यावर मी हिला स्वयंपाकघरात गाठलं. "तुला त्यांच्या पायांचं ठाऊक होतं?"

"भावजी दर महिन्याला माझ्याकडून निरगुडीचं तेल कढवून घेऊन मालवणला पाठवत होते," ती म्हणाली. "ते काय जीपच्या चाकांना चोळायला? आणि एवढी तुमची सभा झाली, पण जिन्याचा विषय काढला का एकाने तरी? आता बघत काय उभे राहिलात! तुमची वळकटी बांधून ठेवलीय, ती वर भावजींच्या खोलीत न्या. महिनाभर तरी तिथेच झोपायचंय तुम्हाला."