भाटकरांची वजावट

रमाकांत भाटकर आयकराचं रिटर्न भरायला येतात तेव्हा बिलांबरोबर हत्यारंही घेऊन येतात. गोणीत घालून. जिना चढायला लागले की खणखणाट वरपर्यंत ऐकू येतो.

भाटकर मिरकरवाड्याच्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करतात. मी रत्नागिरीत लोकांची कराची कामं करते. धंद्यासाठी घेतलेल्या हत्यारांचा खर्च उत्पन्नातून वजा करता येतो, असं मी त्यांना एकदा सांगितलं आणि तेव्हापासून माझ्या टेबलाला ग्रीसचा वास लागला. प्रत्येक बिल मांडून ते त्याच्यावर त्या-त्या मापाचा पाना ठेवतात.

"नुसता कागद कोणी पण आणील, मॅडम. वस्तू नको दिसायला? काय समजलात!"

मध्यंतरी त्यांनी वेल्डिंग मशीन घेतलं. नशीब, त्याचा फोटोच आणला. त्याचा खर्च एकदम धरता येत नाही, दरवर्षी थोडा थोडा घसारा मिळतो, असं मी समजावलं.

"घसारा म्हणजे?"

"वापरून वापरून वस्तूची किंमत उतरते ना, ती."

भाटकर दुखावले. "माझ्या हातात उतरते? माझ्या हातात वस्तू सुधारते, मॅडम!"

"सरकारला तसं वाटतं, मी काय करू?"

"बरं, वाटू दे," असं म्हणून त्यांनी सरकारला माफ केलं.

या वर्षी सगळे पाने मांडून झाल्यावर त्यांनी शर्टाच्या खिशातून एक चिमुकली डबी काढली. आत कानाचं मशीन. बिलावर ते अलगद ठेवत म्हणाले, "हे पण हत्यार. इंजिन मी कानाने तपासतो. ठोका चुकला की आधी कानाला कळतं. काय समजलात!"

मुद्दा बिनतोड होता. मी लिहायला घेतलं आणि सवयीने विचारलं, "फक्त कामावरच वापरता ना? तरच वजावट मिळेल."

भाटकरांनी मशीन उचलून परत डबीत ठेवलं. मग हळूच म्हणाले, "खोटं नाय बोलवत. बंदरावर हे खिशातच असतं. इंजिनाचा आवाज काय, मेल्यालाही उठवील."

"मग वापरता कुठे?"

"घरी. आमच्या हिच्या घशाचं ऑपरेशन झालं. पूर्वी परसातून हाक मारायची ती नाक्यावर ऐकू यायची. आता आवाज अगदी बारीक झालाय. मी आपला 'आं? आं?' करायचो. दोनदा विचारलं की 'काही नाही' म्हणायची नि गप्प बसायची. शेवटी बोलायचंच सोडलं होतं तिने." त्यांनी बिलाची घडी घातली. "खोडा ते. हे कामाचं नाय."

मी खोडलं. "आता बोलतात का वहिनी?"

"बोलते म्हणजे? काल माशाच्या कालवणात मी वरून मीठ घातलं, तर अर्धा तास शिव्या देत होती." त्यांचा चेहरा फुलला होता. "सगळ्या ऐकू आल्या, मॅडम. एक सुटली नाय."