सगुणाबाईसाहेबांच्या गजदर्शनाची बखर

श्री एकदंतास नमन. जो उंदरावर बसोन त्रैलोक्य हिंडला आणि आसन अपुरें म्हणोन कधीं कुरकुरला नाही, त्याचे कृपेनें चाकांवरील राजवाड्याची ही हकीकत लिहितों. शके एकोणीसशें शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, आषाढमास. राज्याचें नांव पुसूं नये. राज्य लहान, माणसें मानी, आणि लिहिणार त्याच घरचें मीठ खाणारा चिटणीस, तेव्हां जें पाहिलें तेंच लिहितों, आणि कोणास राग आला तर येवो. राज्यावर श्रीमंत त्र्यंबकराव सरकार. त्यांचे कुटुंब सगुणाबाईसाहेब, मोठ्या शांत, उभ्या जन्मांत कांही मागितलें नाही. परंतु एके दिवशीं दूरचित्रवाणीवर आफ्रिकेच्या मुलखांतील हत्ती पाहोन बोलिल्या कीं, "आपण पाहिले ते सारे साखळदंडाचे, नाहीतर मिरवणुकींतले. आपल्या मर्जीनें चालणारा हत्ती एकदां पाहायला हवा हो." येवढें बोलोन भाजी निवडूं लागल्या. सरकारांनी ऐकिलें, आणि मोहिमेचा हुकूम सोडिला, आणि मग सरकार, बाईसाहेब व सेवक ऐसे तिघे विमानें समुद्र उल्लंघोन दक्षिण आफ्रिकेस पोंचलों, आणि तेथोन अग्निरथांत बसलों.

तो अग्निरथ काय वर्णावा! शिसवी लांकडाच्या भिंती, पितळेचे दिवे, खासे पलंग, आणि न्हाणीघरांत पाय पसरोन निजावें येवढें घंगाळ, तेंही धांवतें. सरकार त्यांत आंघोळीस बसले आणि गाडीनें वळण घेतलें तेव्हां निम्में पाणी बाहेर, निम्मे सरकार बाहेर. पाठीमागें उघडा सज्जा, तेथें खुर्च्या मांडिलेल्या, आणि मुलूख मागें मागें सरकत जातो तो पाहावा. आषाढ असोन पावसाचा थेंब नाही, उलट थंडीनें दांत वाजतात. सूर्य उत्तरेच्या अंगानें चालतो, येणेंकरोन सेवकास दिशा कळेनात आणि पहिले दिवशीं संध्या भलतीकडे तोंड करोन जाहली. वारुळें मनुष्याहून उंच. एक जाड बुंध्याचें झाड पाहोन सारे उतारू अचंबा करूं लागले, तों बाईसाहेब हळूच बोलिल्या, "अगबाई, ही तर गोरखचिंच!" आणि माहेरची ओळख निघाल्यागत तिजकडे दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिल्या.

गाडीचा कारभारी तेबोगो म्हणोन, उंच, हसरा, बोलणें मृदु, सर्व उतारूंचें खाणेंपिणें आणि रानांतील स्वाऱ्या त्याजकडे. आतां आमच्या राज्याची रीत सांगतों, कारण सारा घोटाळा तिचाच. कोणी कांही देऊं केलें तर पहिल्यानें "नको" म्हणावें, दुसऱ्यानें "उगाच कशाला" म्हणावें, आणि तिसऱ्या आग्रहास मान देवोन घ्यावें. एकदम हो म्हणेल तो हावरा. सरकार आग्रहाविषयीं पंचक्रोशींत नामांकित. पंगतींत जिलबीचें ताट घेवोन उभे राहिले तर पाहुणा पानावर आडवा हात धरितो, आणि सरकार बोटांच्या फटींतोन वाढितात. परंतु तेबोगोचे मुलखीं ऐसें कीं, मनुष्य नको म्हणाला तर त्याचे नकोचा मान राखावा. पहिले रात्रीं तो खिरीसारखा एक गोड पदार्थ घेवोन आला, सेवक रीतीप्रमाणें नको बोलिला, आणि तो "जशी मर्जी" म्हणोन पुढें गेला! सेवक त्या पदार्थाकडे पाहतच राहिला. तो पदार्थ पुन्हां कधीं आला नाही, आणि त्याची चव कैसी होती हें आजतागायत ठाऊक नाही.

खिरीचें एक वेळ सोसलें. हत्तींचें कसें सोसावें? पहिले स्वारीस उघड्या मोटारी दोन निघाल्या. तेबोगो बोलिला कीं, पुढल्या मोटारींत वाटाड्याजवळ एक जागा आहे, बाईसाहेब येणार काय? बाईसाहेब बोलिल्या, "नको, नको. दुसऱ्या कोणाला बसूं द्या." लगेच हॉलंड देशची एक वलंदेज बाई उठोन बसली. तिचें नांव मारायकेबाई, नवऱ्यासहित आलेली, पिकल्या केसांची, बोलण्यांत चोख. त्या मोटारीनें हत्तींचा कळप रस्ता ओलांडतांना पाहिला. आमचे मोटारीनें ठिपक्यांच्या रानकोंबड्या पाहिल्या, आणि एका पट्टेरी घोड्याची पाठ. दुसरे स्वारीस वाटाडा म्हणाला, माग ताजा आहे, थोडें आणखी आंत न्यावें काय, पण थंडी फार आहे. बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्यासाठीं उगाच कशाला?" त्यानें मोटार वळविली. सरकार शेजारीं बसले होते आणि त्यांनी गळपट्टा नीट केला, याखेरीज कांही केलें नाही. सेवकाचे मनांत आलें कीं बोलावें, पण धनी बोलत नाहीत तेथें चाकरानें कोणत्या तोंडानें बोलावें? सायंकाळीं सज्ज्यावर मारायकेबाई हत्तींचीं छायाचित्रें दाखवूं लागली. बाईसाहेबांनी तीं सारीं पाहिलीं, "छान आहेत" म्हणाल्या आणि शाल आवळोन घेतली.

मग गाडी सरहद्द ओलांडोन पुढील राज्यांत गेली, आणि कोळशाच्या मालगाड्यांस वाट देत देत रानाजवळ उभी राहिली. उद्यां दुपारीं मोठ्या धबधब्यास पोंचावयाचें आणि तेथें मोहीम संपावयाची. न्याहारीस तेबोगो आला आणि बोलिला कीं, पाणवठ्याचे कांठीं जमिनींत खणलेली एक लपण आहे, तीत दोघांचीच जागा. उद्यां पहाटे हत्ती पाण्यावर हमखास येतात, आणि याउपर रानांत स्वारी नाही. बाईसाहेबांस पाहावयाचे आहेत ना? बाईसाहेबांचा चेहरा क्षणभर उजळला, तो सेवकानें आपल्या डोळ्यांनी पाहिला. आणि मग त्या बोलिल्या, "नको. पहाटेचें कशाला सगळ्यांची झोपमोड?" तेबोगोनें सरकारांकडे पाहिलें. सरकार पावास लोणी लावीत बोलिले, "नको म्हणते आहे ना? राहूं दे." येणेंप्रमाणें ती जागा वलंदेज दंपतीस गेली. काय म्हणावें! ज्या मनुष्यानें तिऱ्हाइताचे पानांत जबरीनें जिलब्या टाकिल्या, त्यास घरच्या माणसाचें नको इतकें झटकन पटावें!

दुपारीं तेबोगो आम्हांस एका वस्तीवर घेवोन गेला. मातीचीं गोल घरें, गवताचीं छपरें, अंगण झाडोन लख्ख. कुंपणाबाहेर उभें राहोन हाक द्यावी आणि बोलाविल्यावांचून आंत शिरूं नये ऐसी तेथील चाल, ती सरकारांस फार आवडली. घरची धनीण नोमालांगा म्हणोन वृद्ध बाई, सारे तीस गोगो म्हणत, म्हणजे आजी. ती आपले भाषेंत बोले, तेबोगो तें इंग्रजींत करी, सेवक मराठींत करी, आणि तरी ती बाई आमचे आधींच हसे. तिनें चटईवर बसविलें, हातांवर पाणी घातलें, आणि मक्याच्या पिठाची घट्ट उकड व भोपळ्याच्या पाल्याची शेंगदाणे घातलेली भाजी पुढें ठेविली. बाईसाहेब म्हणाल्या, "नको हो, आत्तांच खाणें झालें आहे." गोगोनें वाढिलें. बाईसाहेब म्हणाल्या, "येवढें कुठें जाणार मला?" गोगोनें आणखी वाढिलें. आणि मग बाईसाहेब जेवूं लागल्या, आणि बोटांनी उकड मोडोन, भाजीस लावोन, मुकाट्यानें सारें संपविलें, आणि संकोच सोडोन वाटी पुढें केली कीं, आणखी थोडी भाजी असेल तर द्या.

सरकार पाहतच राहिले. म्हणाले, "तुम्हांला भूक होती?"

"होती कीं."

"मग गाडीवर रोज अर्धपोटीं उठतां तें कां?"

"तिथें कुणी दुसऱ्यांदा विचारीत नाही," बाईसाहेब बोलिल्या. बोलण्यांत राग नव्हता, जणों हवापाणी सांगत होत्या.

सरकार म्हणाले, "तो तेबोगो परका. त्याला काय ठाऊक?" यावर बाईसाहेबांनी हात पुसले आणि म्हणाल्या, "तेबोगोचें नाही म्हणत मी." अंगणांत कोंबड्या फिरत होत्या, त्यांकडे सारे पाहूं लागले. तेबोगोनें गोगोस पुसिलें कीं, या बाई नको म्हणत होत्या, तरी तूं वाढिलेंस कां? गोगो बोलिली, "अरे, मी तिच्या तोंडाकडे कुठें पाहत होतें? मी डोळ्यांकडे पाहत होतें. आल्यापासून तिची नजर माझ्या मडक्यावर!" आणि बाईसाहेबांचे मांडीवर चापट मारोन खदखदां हसली, आणि बाईसाहेबही पदर तोंडास लावोन हसल्या. सरकार हसले नाहीत.

परत गाडीवर येतांच सरकार थेट सज्ज्यावर गेले, सेवक मागोमाग. ज्यानें जन्मांत कोणापाशीं कांही मागितलें नाही तो धनी वलंदेज दंपतीपुढें हात जोडोन उभा राहिला. सरकार बोलिले कीं, उद्यांची लपणींतील जागा माझे कुटुंबास द्यावी, मोठे उपकार होतील. मारायकेबाई म्हणाली, "पण त्यांनी तर नको म्हटलें." सरकार म्हणाले, "त्यांचें नको म्हणजे नको नव्हे." तिनें पुसिलें, "मग तुम्ही सकाळीं तसें सांगितलें कां नाही? तुम्ही तर नवरा." सरकारांचे कान तांबडे जाहले. अखेर ती बाई उठली आणि बोलिली कीं, माझा नवरा घरापासून कॅमेरा वाहत आला आहे, तो कांही हलायचा नाही, पण माझी जागा घ्या. मी हत्ती पाहिले आहेत. येणेंप्रमाणें तह जाहला, आणि एक जागा हातीं आली.

सरकार डब्यांत येवोन म्हणाले, "पहाटे तुम्ही हत्ती पाहायला जायचें." बाईसाहेब म्हणाल्या, "एकच जागा? नको, तुम्ही जा." सरकार म्हणाले, "तुम्ही जायचें." बाईसाहेब म्हणाल्या, "अहो, मी एकटी कशी जाऊं परक्या लोकांत?" सरकारांनी पेटींतोन त्यांचे लोंकरीचे मोजे काढिले, आणि खालीं बसोन त्यांचे पायांपाशीं ठेविले, आणि म्हणाले, "सगुणा, जा ग." सरकारांचे मुखें हें नांव उघडें उच्चारलेलें सेवकानें प्रथमच ऐकिलें, आणि तो मुकाट बाहेर निघोन गेला.

पहाटे बाईसाहेब गेल्या. सरकार गाडीच्या पायरीवर चहा थंड करीत बसले. सेवकास पुसत, आतां पोंचल्या असतील? आतां हत्ती आले असतील काय? ऊन चांगलें वर आल्यावर मोटार परतली. बाईसाहेब उतरल्या त्या निराळ्याच! केसांत धूळ, डोळे रडलेले, आणि तोंडावर हंसूं मावेना. सरकार धांवत सामोरे गेले, "दिसले?" बाईसाहेबांनी होकारार्थी मान डोलविली. त्या चालोन चालोन आणि जागरणानें थकल्या होत्या. तरी सरकारांचा हात धरोन म्हणाल्या, "सांगूं का, कसे होते ते?"

सरकार संवयीप्रमाणें बोलिले, "नको, नको, दमला असाल. आधीं पडा जरा."

बाईसाहेब थांबल्या, आणि सरकारांकडे रोखोन पाहोन बोलिल्या, "हें बघा, मी एकदांच विचारणार."

"सांगा, सांगा!" सरकार ओरडले, आणि तेथेंच रुळांकडेच्या खडीवर फतकल मारोन बसले. बाईसाहेब शेजारीं टेकल्या आणि सांगूं लागल्या. गाडीनें शिटी दिली, तेबोगो बोलावूं आला, कोणी उठेना.

येणेंप्रमाणें दक्षिणेची मोहीम फत्ते जाहली. धबधबाही पाहिला, परंतु त्याचें वर्णन ज्यास पाहिजे त्यानें दुसरीकडे वाचावें. हत्ती बाईसाहेबांनी पाहिले आणि सरकारांनी ऐकिले. सेवकानें त्या दोघांस पाहिलें, तें लिहिलें. अधिक काय लिहिणें.