सखाहरीकाका आणि परकी फौज

आमच्या गारखेडा वसाहतीतल्या सखाहरीकाकांच्या गिरणीत दळण निम्मं झालं, की गिरणी बंद पडायची. वीज जायची म्हणून नव्हे. काका स्वतः खटका पाडायचे. पट्टा फटफट करत थांबायचा, आणि त्या एकाएकी पडलेल्या शांततेत पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांखालून काका गिऱ्हाइकाकडे रोखून बघत विचारायचे, "बोला. परकी फौज देशात येऊन बसली, तर देशाचं भलं होतं का वाटोळं?"

उत्तर मिळेपर्यंत उरलेलं दळण हलायचं नाही.

मी त्या वसाहतीत राहायला गेले, ते अमेरिकेचं सैन्य इराकात शिरलं ते वर्ष. घरोघरी टीव्हीवर रणगाडे दिसत होते, म्हणून मला वाटलं, काकांनाही त्यामुळंच हा प्रश्न सुचला असावा. मी हायस्कुलात इतिहास शिकवायची. पहिल्याच खेपेला मी बेधडक सांगून टाकलं, "वाटोळं."

"नजीर?"

"म्हणजे?"

"म्हंजे दाखला. नजीर नाय तर बहस नाय." काकांची चौथीपर्यंतची शाळा निजामी अमलात, उर्दूतून झाली होती. त्यामुळं त्यांच्या तोंडून असे कचेरीतले शब्द यायचे.

मी म्हटलं, "इंग्रज घ्या."

"इंग्रज तराजू घेऊन आले बाई. फौज मागून आली. दुसरी द्या."

माझे पाच किलो गहू अर्धे डब्यात आणि अर्धे वर अडकलेले. मागं चार बायका उभ्या. वर्गातल्या साठ पोरांना नुसत्या नजरेनं गप्प करणारी मी, कंटाळून म्हणाले, "बरं बाई, भलं होतं!"

"व्हय? मग शेजारी लाठी घेऊन तुमच्या घरात शिरला, अन् जाताना भांडी घासून गेला, तर त्याला भलं म्हनाल?"

पाऊण तासानं मी घरी पोचले. निघताना काका समाधानानं म्हणाले, "आज लई ब्येस झालं. पुढच्या खेपेला तयारीनं या." आणि सांगायला लाज वाटते, पण पुढच्या खेपेला मी खरंच शाळेच्या ग्रंथालयातून दोन पुस्तकं वाचून गेले.

वैतागून लोक दुसऱ्या गिरणीत जायचे आणि पंधरा दिवसांत परत यायचे. काकांच्या ज्वारीच्या पिठाची भाकरी थापताना कडेला चिरायची नाही. तेव्हा ज्यानं त्यानं आपापली सोय करून ठेवली होती. कोणी उत्तर घरूनच ठरवून यायचं. कोणी डबा ठेवून पळून जायचं; त्यांचं दळण अर्धंच मिळायचं. "मला बाईमाणसाला काय कळतंय त्यातलं?" असं म्हणून सुटायची सोय नव्हती. काका म्हणायचे, "दळण कळतं ना? मग दाण्याच्या बाजूनं बोला!" कोपऱ्यावरच्या एका आजींनी मात्र काकांवर एकदा मात केली. त्या म्हणाल्या, "मी दोन सुना आणल्यात. एकीनं घर सावरलं, एकीनं फोडलं. आता दळ."

काकांनी पट्टा सुरू केला.

आवाज चढवलेला त्यांना खपायचा नाही. "हुज्जत येगळी, बहस येगळी. हुज्जतीत मानूस जिंकतो, बहसमधी मुद्दा." मुद्दा जिंकावा म्हणून ते कायम समोरच्याच्या उलट बाजू घ्यायचे. निवृत्त वकील कुलकर्णी हे त्यांचे पेटंट विरोधक. वकिलांच्या घरी दळण नसलं तरी ते रोज सकाळी नऊ वाजता गिरणीत यायचे आणि बाजरीच्या पोत्यावर बसायचे. वकिलांचं म्हणणं, फौज शिस्त आणते, रस्ते करते, पूल बांधते. काका म्हणायचे, पूल फौज स्वतःच्या गाड्यांसाठी बांधते. एकदा वकिलांनी डाव टाकला आणि मधेच बाजू बदलली. काकांनीही तत्क्षणी बदलली. दुपारी बारा वाजता वकील "परक्यांचे पूल आम्हाला नकोत!" म्हणून ओरडत होते आणि काका त्यांना पुलांचे फायदे समजावून सांगत होते. दोघंही घामाघूम. काकूंनी आतून ताक आणून दिलं तेव्हा थांबले.

काकूंना याचं काही वाटेनासं झालं होतं. मला म्हणाल्या, "आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ह्यांनी भटजीला ह्योच सवाल केला होता."

"मग?"

"मुहूर्त टळायला लागला, तवा भटजी म्हनले, भलं होतं. तरी हे म्हनले, नजीर द्या."

म्हणजे प्रश्न इराकचा नव्हता, लग्नाच्याही आधीचा होता. दुसऱ्या दिवशी मी थेट विचारलं, "काका, सगळ्या वसाहतीचं मत घेता. तुमचं स्वतःचं मत काय?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग खटका वर केला. त्या दिवशी माझं दळण एका दमात झालं.

आमच्या वसाहतीतल्या वाचनालयानं जाहीर वादविवाद ठेवला, तो काकांमुळंच. विषय वकिलांनी लिहून दिला: परक्या फौजेचा मुक्काम देशाच्या हिताचा असतो का? अट एकच होती. प्रत्येक वक्त्यानं एक बाजू आधी कळवायची आणि शेवटपर्यंत तीच धरायची. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. काका तीनदा येऊन गेले. पहिल्यांदा म्हणाले, "विरोधात लिव्हा." दुसऱ्या दिवशी आले, "खोडा. बाजूनं लिव्हा." तिसऱ्यांदा ते दारातच उभे राहिले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "बाई, माझ्या नावापुढं जागा कोरी सोडता येईल का?"

मी म्हटलं, "नियमात बसत नाही, काका."

"नाय ना बसत," ते म्हणाले. "पन मी बोलनार. कायबी होऊ द्या."

रविवारी सकाळी गिरणीला कुलूप लागलेलं पाहून लोक चकित झाले. काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. पीठ नसलेले काका आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. भुवया काळ्याच होत्या त्यांच्या. वकील झकास बोलले. मी बऱ्यापैकी बोलले. मग काकांचं नाव पुकारलं. लोकांनी हसून टाळ्या वाजवल्या, कारण आता मजा येणार हे सगळ्यांना माहीत होतं.

काका उभे राहिले. "मी नजीर देतो," म्हणाले.

"लासूर स्टेशनाजवळ आमचं गाव. पुलिस ॲक्शनच्या आधीचं वरीस. मी दहा वर्षांचा होतो. निजामाच्या बाजूच्या हत्यारबंद टोळ्या गावात यायच्या, धान्य न्यायच्या, मान्सं मारायच्या. माझ्या बापाचं नाव त्यांच्या यादीत आलं. बाप रानोमाळ पळाला. मी, माय अन् धाकटी बहीन घरी. तवा गावात रशीदचाचाची इंजिनावरची गिरनी होती. चाचानं आमाला त्याच्या कोठीत लपवलं. पोत्यांच्या मागं, सहा दिवस. टोळीवाले दारात आले तर चाचा इंजिन चालू करायचा, म्हंजे बहिनीचं रडनं ऐकू जाऊ नये. त्याच्याच धर्माचे होते ते. त्यानं त्यांना सांगितलं, माझ्याकडं कुनी नाय."

कोणी हसत नव्हतं.

"मग भारताची फौज आली. ती परकी नव्हती. आपलीच होती, आमी वाटच बघत होतो तिची. गावानं गूळ वाटला. चवथ्या दिवशी बाप घरी आला, दाढी छातीपर्यंत वाढलेली. फौज आली नसती तर मला बाप दिसला नसता. ही एक बाजू, वकीलसाहेब. लिव्हून घ्या."

वकिलांनी मान हलवली.

"फौज फुडं गेली. मोठी कामं होती तिला. नवे हाकीम, म्हंजे अंमलदार, यायला आठ-दहा दिवस लागले. त्या मधल्या दिवसांत चाचाची गिरनी जळाली. जाळनारे कुनी बाहेरचे नव्हते. आमचेच होते. माझा सख्खा मामा त्यात होता. मी वट्यावरून बघितलं. मी ओरडलो नाय. बाप म्हनला, गप ऱ्हा, आता आपले दिवस आलेत. चाचा बायकोपोरांना घेऊन अंगावरच्या कपड्यानिशी गेला. कुठं गेला, जगला का मेला, कुनी विचारलंबी नाय."

काकांनी टेबलावरचं पाणी घेतलं, पण प्यायले नाहीत.

"टीव्हीवर आता रनगाडे दाखवतेत. मी बघतो. मला सारखं वाटतं, रनगाडा फुडं गेल्यावर त्या गल्लीतल्या गिरनीवाल्याचं काय झालं, ते दाखवा की! आपल्या मान्सांची फौज आली, तरी मधल्या दहा दिवसांत असं झालं. मग परक्यांची आल्यावर? अन् आलीच नसती, तर माझ्या बापाचं? पन्नास वर्सं मी दारात येईल त्याला इचारतोय. वाटलं, कुनीतरी शहाना भेटंल, एका बाजूनं पक्कं बोलंल, अन् मला ते पटंल. आता तुमीच सांगा. मी कोनत्या बाजूनं बोलू?"

घंटा वाजवायचं काम माझ्याकडे होतं. ठरलेली पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. मी घंटा वाजवली नाही. अध्यक्षांनी निकाल जाहीर केला नाही, आणि कोणी तो मागितलाही नाही. वकील उठून काकांजवळ गेले आणि त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नुसते बसून राहिले.

श्रोत्यांत सलीम होता. काकांच्या गिरणीच्या दगडाला टाकी लावायला, म्हणजे छिन्नीनं खाचा पाडायला, तो महिन्यातून एकदा यायचा. गर्दी पांगल्यावर तो पुढं आला. "काका, फर्दापूरला माझ्या फुफीच्या, म्हंजे आत्याच्या, घराजवळ एक जुबेदाबी ऱ्हातात. लासूरकडच्या. म्हनतात, लहानपनी वालिदची, म्हंजे बापाची, गिरनी होती."

काका एकदम उभे राहिले. "जुबेदा? चाचाची पोरगी? हनुवटीवर तीळ हाय?"

"तीळ काय मी बघितला नाय, काका. बुजुर्ग बाई आहेत."

काकूंना वाटलं, हे आता चार दिवस विचार करतील. काकांनी विचार केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ते माझ्या दारात उभे. "बाई, तुमी संगं चला. मी एकला गेलो, तर बसस्टँडवरनंच माघारी फिरंन. मला मी ठावूक हाय." मी शाळेत रजा कळवली.

एसटीत ते खिडकीशी बसले. फुलंब्री गेलं, सिल्लोड गेलं. मी शेंगा घेतल्या, त्यांनी हातात धरून ठेवल्या. अजिंठ्याचा घाट उतरताना एकदाच म्हणाले, "तिनं दार लावून घेतलं, तर ते बरोबरच हाय. आपन गुमान परत यायचं."

फर्दापुरात लेणी बघायला येणाऱ्यांसाठी चहाच्या आणि रंगीत दगडांच्या टपऱ्या आहेत. त्यातल्या एका टपरीवर जुबेदाबी बसल्या होत्या. सत्तरीकडे झुकलेल्या, चष्म्याला दोरी बांधलेली. हनुवटीवर तीळ होता. आम्हाला प्रवासी समजून त्यांनी एक दगड पुढं केला.

काका म्हणाले, "आपा, मी सखू. वाघचौऱ्यांचा."

जुबेदाबींनी दगड खाली ठेवला. चष्मा सारखा करून बघितलं. मग म्हणाल्या, "तेरी बहन लई रोती थी. मैं उसके मुँह में गूळ देती थी."

"आग लावनाऱ्यांत माझा मामा होता," काका म्हणाले. हे वाक्य ते सबंध रस्ताभर घोकत आले असावेत, इतकं ते एका दमात आलं. "मी बघत होतो. मी कायबी बोललो नाय."

"तू दस साल का था."

"बोलायला येत होतं मला."

जुबेदाबींनी त्यांना माफ केलं असं म्हणता येणार नाही. नाही केलं असंही नाही. त्या रस्त्याकडे बघत सांगू लागल्या. रशीदचाचा दोन वर्षांत वारले होते, इथंच. परत गिरणी घातली नाही, दुसऱ्याच्या शेतात राबले. बोलता बोलता थांबून त्या म्हणाल्या, "अब्बा को एकच दुख था. उनके अब्बा की, मेरे दादा की कबर वहीं रह गई, ओढ्याकाठी. आता तर पानीमें बह गई होगी."

"नाय," काका म्हणाले. "हाय."

"तुला काय मालूम?"

"दर साल पाऊस सरला की जातो. गवत काढतो. ओढा कड खात होता, म्हनून दगड रचून बांध घातला. उशाचा दगड कलला होता, तो बसवला."

दर वर्षी ते शेत बघायला गावी जातात, असं काकू सांगायच्या. शेत तर केव्हाच विकलं गेलं होतं, हे मला नंतर कळलं.

"कब से?" जुबेदाबींनी विचारलं.

"तुमी गेलात, त्याच्या फुडल्या सालापासून."

जुबेदाबींनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. मग उठल्या. मांडलेले दगड एकेक करून पेटीत भरले. टपरीची फळी ओढून घेतली, कडी लावली, आणि पदर डोक्यावर घेत म्हणाल्या, "मोटर कितने बजे की है?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मीच म्हणाले, "अडीचची आहे, आपा."