सरकारी गोळीचं वजन

मला आजवर कोणी फसवलेलं नाही! हे बढाई म्हणून सांगत नाही, नोंद म्हणून सांगतो. एकतीस वर्षं मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. लांज्याच्या बाजारात पारड्याखाली चिकटवलेलं लोहचुंबक मी नुसत्या दुकानदाराच्या हसण्यावरून ओळखलंय. पालीच्या एका व्यापाऱ्याने "साहेब, आधी चहा घ्या" म्हटलं, तेव्हा मी चहा बाजूला ठेवून त्याचं दोन किलोचं वजन उलटं करून बघितलं. तळाला हे एवढं भोक! माणूस विनाकारण गोड बोलला की त्याने कुठेतरी काटा मारलेला असतो, हा माझा अनुभव.

त्यामुळे निवृत्तीनंतर मिरजोळ्यातल्या माझ्या घरी येऊन मैना गोड बोलू लागली, तेव्हा मी ताबडतोब सावध झालो.

मैना म्हणजे आमच्या वाडीची आशाताई. महिन्यातून एकदा येते, दंडाला पट्टा बांधते, माझा रक्तदाब मोजते आणि वहीत लिहून नेते. ती वही पुढे कुठे जाते हे मी तीनदा विचारलंय. समाधानकारक उत्तर मिळालेलं नाही.

त्या दिवशी पट्टा सोडता सोडता ती म्हणाली, "काका, तुमची बीपीची गोळी आपल्या केंद्रात मिलते. तीच. फुकट."

"फुकट?"

"व्हय. एक पैसा घेत नाय."

"पावती देतात?"

"पैसं नाय तर पावती कसली, काका?"

बघा! पावतीच नाही!

"यात फायदा कोणाचा?" मी विचारलं.

"तुमचा. तुमी धडधाकट ऱ्हाल."

"आणि सरकारचा? मी जेवढा जगेन तेवढी सरकारला पेन्शन द्यावी लागणार! मी जगावं म्हणून सरकार फुकट गोळ्या देतं, हे मला पटत नाही."

मैनाने नम्रताकडे, म्हणजे माझ्या बायकोकडे बघितलं. नम्रताने मैनाकडे बघितलं. मग दोघींनी एकदम खाली बघितलं. मी ते डोक्यात टिपून ठेवलं.

तुम्ही हसाल, पण माझी भीती खोटी नव्हती. आमच्या आप्पांना, माझ्या वडिलांना, दाब वाढून अर्धांगवायू झाला. तीन वर्षं खाटेवर होते. पाणी पाजलं की ओठाच्या एका कोपऱ्यातून बाहेर यायचं, ते मी पुसलंय. मला तसं व्हायचं नाही. त्यामुळे गोळी घ्यायची ती दुकानातली, चकचकीत पट्टीतली, अस्सल!

तरी तपास हवाच. मैनाकडून नमुना म्हणून एक सरकारी पट्टी घेतली. दुकानात जाऊन माझ्या नेहमीच्या गोळीची एक पट्टी आणली. दार लावून घेतलं आणि सोनाराकडे असतो तसला माझा छोटा काटा काढला. दुकानातली गोळी भरली दोनशे मिलिग्रॅम. सरकारी गोळी भरली एकशे वीस!

जवळजवळ निम्मा माल गायब! मी आकडा दोनदा लिहून घेतला. आनंदाने.

"नम्रता! ऐंशी मिलिग्रॅमचा काटा मारलाय!"

"असं का?" ती म्हणाली आणि आमटीला फोडणी द्यायला लागली. आमटीला फोडणी आधीच दिलेली होती!

झालं. माझा संशय तिथेच पक्का झाला. माझ्या गोळ्या नम्रताच आणते आणि सात वारांच्या सात खणांच्या डबीत भरून ठेवते. त्या दुपारी ती वामकुक्षी घेत असताना मी डबीतली मंगळवारची गोळी काट्यावर ठेवली. एकशे वीस. बुधवारची एकशे वीस. शनिवारपर्यंत सगळा खोटा माल!

माझी स्वतःची बायको! मैनाने तिला फितवलं होतं.

पण एकतीस वर्षं निरीक्षक राहिलेला माणूस आरडाओरडा करत नाही. संशयिताला सुगावा लागू न देता पुरावा गोळा करतो. मी अस्सल पट्टी बुटांच्या खोक्यात लपवली आणि रोज सकाळी गुपचूप त्यातली एक घ्यायला लागलो. डबीतलीही घ्यावी लागायची, कारण नम्रता समोर उभी राहून "गिळा बघू" म्हणायची. नाही म्हटलं असतं तर तपास उघडा पडला असता. म्हटलं, असेना का. खडूच तो. शाळेत असताना काय कमी खाल्ला?

चार दिवसांत माझी पावलं सुजली. खुर्चीतून उठलं की डोळ्यांपुढे अंधारी. मी काय ते ओळखलं. खडूमुळे अस्सल गोळीची ताकद मारली जात होती आणि दाब भडकत होता! आप्पांची खाट दिसायला लागली. मी संध्याकाळी आणखी एक अस्सल गोळी सुरू केली.

मैना पुन्हा आली. नम्रतानेच बोलावलं असणार. पट्टा बांधला, यंत्राकडे बघितलं, आणि तिचा चेहरा उतरला.

"काका, नव्वद वर छप्पन! दाब पार खाली गेलाय!"

"खाली? मशीन दाखव. पडताळणीचा शिक्का कुठाय?"

"कसला शिक्का?"

"शिक्का नाही! म्हणजे मशीनही खोटं!"

"काकी, ह्येंना केंद्रात न्यायाच हवं," मैना म्हणाली.

"मीच जातो!" मी गरजलो. काटा, डबी आणि दोन्ही पट्ट्या पिशवीत टाकल्या आणि रिक्षा करून एकटाच निघालो.

आरोग्यकेंद्रात वीसेक माणसं रांगेत होती. मी टेबलाशी वाकून काटा मांडला.

"मंडळी! इथली एकही गोळी कोणी घेऊ नका! पंचनामा करायचाय. दोन पंच पुढे या!"

रांगेतून मासळी विकणाऱ्या यमुनाबाई उठल्या. "मी येतंय पंच. पन माजा लंबर राकून ठेवा."

मी ताठ झालो, आणि केंद्राचं छप्पर सावकाश एका बाजूला कललं.

शुद्धीवर आलो तेव्हा खाटेवर होतो. पायांखाली दोन उशा. मी आधी उजवा हात हलवून बघितला, मग डावा. दोन्ही हलले. मला रडूच आलं.

समोर डॉक्टर वेदिका होत्या. वयाने इतक्या लहान की त्यांचाही दाखला मागावासा वाटला.

"काका, औषधं कुठली घेता?"

"डबीतली ही सरकारी, म्हणजे खडू. आणि ही अस्सल. सकाळी एक, संध्याकाळी एक."

"दोन्ही पट्ट्यांच्या मागे काय लिहिलंय, वाचा बघू."

मी चष्मा लावला. अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम. दुसरी उलटी केली. अॅम्लोडिपिन, पाच मिलिग्रॅम.

"म्हणजे एकाच्या जागी रोज तीन गोळ्या घेत होता तुम्ही," त्या म्हणाल्या. "दाब खाली जाणार नाहीतर काय?"

"पण वजन, डॉक्टर! ऐंशी मिलिग्रॅम कमी!"

"औषध दोन्हींत पाचच मिलिग्रॅम. एवढंसं बोटांत धरता येत नाही, म्हणून त्यात साधी भुकटी घालतात. एक कंपनी जास्त घालते, दुसरी कमी."

मी भुकटी तोलत बसलो होतो! तेवढ्यात मैनाबरोबर नम्रता धावत आत आली आणि मी उरलासुरला आवाज काढला.

"डॉक्टर, ही बाई आठवडाभर माझी गोळी बदलतेय!"

"आठवडाभर नाही," नम्रता म्हणाली. "दिवाळीपासून."

पाच महिने! त्या पाच महिन्यांत मैनाने मोजलेला माझा दाब दर वेळी उत्तम होता, आणि दर वेळी मी तिला "बघ, अस्सल गोळी!" म्हणून ऐकवलं होतं.

"काकी म्हनाल्या, लपवून कंटाळलंय, तूच सांग त्येंना," मैना पुटपुटली. "म्हनून सांगितलं, तर ह्ये असं झालं."

"पण लपवलं कशाला?" डॉक्टरांनी विचारलं.

नम्रता पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "अहो, फुकटची म्हटलं तर ह्यांनी घेतली नसती, आणि दुकानातली गोळी महाग पडते म्हणून हे ती एक दिवसाआड घ्यायचे. मला सांगायचे रोज घेतो. मी पट्टीतल्या उरलेल्या गोळ्या मोजायची. दिवाळीत चकल्यांच्या घाण्यापाशी चक्कर येऊन बसले, तेव्हा दाब एकशे नव्वद! मी मामंजींचं केलंय, डॉक्टर. ह्यांचं तसं करायची माझ्यात ताकद नाही." आणि ती तिथेच, सगळ्यांसमोर, रडायला लागली.

हे एक दिवसाआडचं मी तुम्हाला मघाशी सांगितलं नाही. राहून गेलं असं समजा.

मी तिचा हात धरला, तिने तो सोडवून घेतला नाही, एवढंच. एवढ्यात दाराशी सगळं ऐकत उभ्या असलेल्या पंच यमुनाबाई आत आल्या आणि टेबलावरचं पेन माझ्यापुढे धरून म्हणाल्या,

"लिवा आता. काटा कोन मारीत व्हता ता नीट लिवा, मी अंगठा देतंय!"